चिंचोक्यांवरचा पोकर

पोकर मी साठी ओलांडल्यावर शिकले. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग हळूच विचारतात, पैसे लावून? नाही, चिंचोके लावून. तिथे त्यांचा रस संपतो.

त्या रविवारच्या दुपारी आज मला वेगवेगळ्या आठवत नाहीत. सगळ्या मिळून एकच लांब दुपार झाली आहे. बिबवेवाडीतलं आमचं दोन खोल्यांचं घर, दाराला निळा पडदा, पडद्यातून गाळून आलेला निळसर उजेड, खाली अंथरलेली चादर आणि चादरीवर तीन ढीग चिंचोक्यांचे. दरवर्षी चिंच फोडल्यावर मी ते धुऊन डब्यात भरून ठेवायची. हाताळून हाताळून त्यांना अशी तकाकी आली होती की उजेडात ते ओले वाटायचे. भंगारवाल्याची हाळी लांबून यायची, दारापर्यंत यायची आणि पुढे कुठेतरी विरून जायची. पंख्याच्या वाऱ्याने पत्त्यांचे कोपरे थोडे उचलले जायचे आणि परत टेकायचे, झोपलेल्या माणसाची छाती हलते तसे. मला स्वप्नंबिप्नं फारशी पडत नाहीत. पण त्या दुपारी मी पूर्ण जागी होते, असं कुणी शपथेवर विचारलं तर मी शपथ घेणार नाही.

आमच्यात तिघं खेळणारे. मी, हे, आणि गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहणारी मुलगी.

हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढं पुरे. सातारा रस्त्यावरच्या एका कारखान्यात ते फिटर होते. तिन्ही पाळ्या केल्या. मग दिवस बदलले, बाहेरचा माल आला, बाहेरच्या कंपन्या आल्या आणि कारखान्याने माणसं कमी करायला घेतली. स्वेच्छानिवृत्ती असं त्याला नाव दिलं होतं. स्वेच्छा कारखान्याची, निवृत्ती यांची. हातपाय धड असलेला माणूस एका सकाळी घरी बसला आणि मी केर काढत होते तिथे पाय वर घेऊन म्हणाला, "काढ, काढ, माझं काही नाही."

त्यानंतर आम्हाला मेंढीकोटाने तारलं. शेजारचं जोडपं संध्याकाळी यायचं. मेंढीकोट चौघांचा खेळ. समोरासमोर बसणारे दोघं एकमेकांचे जोडीदार. दश्श्या पकडायच्या, ज्या जोडीकडे जास्त दश्श्या तिचा डाव. त्यात एक गोष्ट शाळेत न गेलेल्यालाही कळते. जोडीदाराचा हात होत असेल तर त्यावर आपलं मोठं पान टाकायचं नाही. त्याचा हात तो आपलाच हात. खेळताना बोलायची बंदी, पण इतकी वर्षं संसार केल्यावर बोलायची गरज कुणाला होती? यांच्याकडे हुकूम संपले की हे उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून ओढायचे. त्यांना स्वतःला ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. कान ओढला की समजायचं, यांच्या हातात काही नाही, आता मलाच सांभाळायचं आहे. मी सांभाळायची. आम्ही फारसे हरलो नाही.

मग शेजारचं जोडपं मुलीकडे बंगळूरला राहायला गेलं आणि पत्ते कपाटात गेले.

ती मुलगी अमरावतीकडची. हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत. पहाटे कोपऱ्यावर कंपनीची बस यायची, ती त्यात बसून जायची आणि अंधार पडल्यावर यायची. रविवारी न्हाऊन केस मोकळे सोडून खाली येऊन बसायची, कारण गच्चीवरची खोली तापायची. एकदा हे कपाट आवरत होते, त्यात तिला पत्ते दिसले.

"काका, तुम्ही खेळता?"

"खेळत होतो. आता चौथा नाही, तिसरा पण नाही."

"मी आहे ना तिसरी. पाच-तीन-दोन येतं मला."

"ते पोरांचं," हे म्हणाले. घरी बसलेल्या माणसाला मानपान फार.

"मग पोकर शिकवते. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकते ना, तेव्हा मागच्या सीटवर मुलं तेच खेळतात. मी बघून बघून शिकली. आता त्यांना हरवते."

मी म्हटलं, "जुगार आहे का तो?"

"पैसे लावले तर जुगार, काकू. नाही लावले तर ऑफिसात त्याला स्ट्रॅटेजी म्हणतात."

मी उठून चिंचोक्यांचा डबा आणला.

खेळ असा. प्रत्येकाला दोन पत्ते, ते आपल्यापुरते. मग मधे पाच पत्ते उघडे पडतात. आधी तीन, मग एक, मग एक. ते सगळ्यांचे. आपले दोन आणि मधले पाच, या सातांतून चांगले पाच निवडायचे. प्रत्येक वेळी नवा पत्ता पडला की विचारायचं, लावणार का? लावायचे, समोरच्याने लावले तेवढे भरायचे, वाढवायचे, नाहीतर पत्ते खाली टाकून त्या डावातून बाहेर पडायचं. सगळ्यात आधी दोघांनी पत्ते न बघताच थोडे चिंचोके मधे ठेवायचे, म्हणजे डावाला काहीतरी कारण असतं.

मला तीन पत्ती येत होती. माहेरी गोकुळाष्टमीला खेळायचे. तीन पत्तीत रांग ही एका रंगापेक्षा मोठी. इथे उलटं, एका रंगाचे पाच आले तर ते रांगेपेक्षा मोठे. मला ते पटेना.

"असं कसं? रांग लावायला अवघड."

"पाच पत्त्यांत रंग जास्त अवघड आहे, काकू."

"कुणी सांगितलं?"

"गणिताने."

चौथीपर्यंतच्या गणितात हे नव्हतं. मी मान्य केलं, पण मनातून नाही.

पहिल्याच रविवारी तिने पत्ते टाकले तेव्हा मी सवयीने ते उलटून बघितले. तिने माझ्या हातावर हात ठेवला. "नाही, काकू. सोडलेले पत्ते बघायचे नसतात. ज्याने सोडले त्याचे ते त्याच्यापाशी. बघायचे असतील तर शेवटपर्यंत चिंचोके भरायचे आणि दाखवायला लावायचे."

"टाकले ते टाकले ना, मग बघितले तर काय बिघडलं?"

"मग पुढच्या वेळी कोणी मनापासून सोडणार नाही."

हे मला त्या वेळी उगाच शिष्टपणाचं वाटलं.

सुरुवातीला ती मुलगी आमचे सगळे चिंचोके घेऊन जायची. वर जाताना परत द्यायची, पण घ्यायची. असं दोन-तीन रविवार झालं. मग एकदा डाव संपल्यावर मी सहज म्हटलं, "माझ्याकडे तीन राण्या होत्या."

माझ्या हातात दोन राण्या आणि मधे एक पडली होती. तो डाव यांच्याकडून तिने गुलामाच्या जोडीवर नेला होता. यांच्याकडे अठ्ठ्यांची जोडी.

मुलगी पत्ते पिसायची थांबली. "तीन राण्या? मग टाकल्या काहून?"

"यांनी लावले होते ना."

"मग?"

"मग काय? हात यांचाच होत होता. वर आपण कशाला पान मारायचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मग यांच्याकडे. "काका, तुम्ही पण?"

हे पंख्याकडे बघायला लागले. "मागच्या रविवारी माझ्याकडे एक्क्यांची जोडी होती. पण ही वाढवत होती. म्हटलं, हिचंच होऊ दे."

मुलगी चादरीवर आडवी पडून हसली. "बापा! तुम्ही दोघं मिळून माझ्याशी खेळता, आणि दोघं मिळून हरता. काकू, ह्या खेळात जोडीदार नसतो. काका तिकडे, तुम्ही इकडे. आपले पत्ते, आपला ढीग. चांगले पत्ते असले तर काका असोत की देव असो, वाढवायचं."

मी बरं म्हटलं. पण हात ऐकत नव्हता. यांनी चिंचोके पुढे सरकवले की माझी बोटं आपोआप पत्ते खाली ठेवायची. कितीतरी रविवार लागले. त्या दुपारींमधे मधेच माझा डोळा लागायचा, बसल्या बसल्या, आणि पत्त्यातल्या राण्या हातात फूल घेऊन स्वारगेटच्या रस्त्याने एकेकट्या चालताना दिसायच्या. बरोबर कुणी राजे नाहीत. कुठे निघाल्या विचारलं तर सांगायच्या नाहीत.

त्याच दिवसांत मुलाने विषय काढला.

मुलगाही संगणकातलाच. हिंजवडीजवळ त्याने नवव्या मजल्यावर घर घेतलं होतं. तो आणि सून दोघं नोकरीला. त्यात एक खोली आमच्यासाठी. तो एका रविवारी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "आई, बाबा, आता इथलं बंद करा आणि तिकडे चला. दसऱ्याला सामान हलवू. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, सिक्युरिटी आहे."

"सिक्युरिटी कशाला? मला कोण पळवतंय?"

"आई, तू प्रत्येक गोष्टीत असं बोलू नकोस. बाबा, तुम्ही सांगा."

हे लगेच म्हणाले, "जाऊ या की." आणि उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून ओढली.

मी ते बघितलं. मनात म्हटलं, हातात काही नाही. मुलाला वाईट वाटू नये म्हणून म्हणताहेत. मुलगा म्हणाला, पुढच्या महिन्यात येतो, तेव्हा पक्कं सांगा.

मला तिथे जायचं नव्हतं, ते कारणासकट सांगते. मी त्या घरी चार दिवस राहून आले होते. घर चांगलं. पण ते दोघं कामावर गेले की दार आपोआप लागायचं आणि मग आवाज म्हणून काही उरायचा नाही. खिडकीतून काचेच्या इमारती दिसायच्या, जमिनीत उभे खोचलेले पत्ते असावेत तशा, आणि त्यांच्या काचांतून ढग सरकायचे. खाली माणसं हलायची, पण त्यांचं बोलणं वर येत नव्हतं. मी सज्जात उभी राहिले की वाटायचं, कुणीतरी माझा फोटो काढून भिंतीला लावला आहे आणि त्या फोटोतून मी बाहेर बघते आहे. हार तेवढा घालायचा राहिला आहे.

मी कसब्यात वाढले, तांबट आळीच्या मागच्या अंगाला. सकाळी तांब्याच्या भांड्यांवर हातोडे पडायला लागायचे ते संध्याकाळपर्यंत. एक थांबला की दुसरा, दुसरा थांबला की तिसरा. त्या ठोक्यांवर आम्ही जेवायचो, त्या ठोक्यांवर दुपारी झोपायचो. आवाजाने नाही, आवाज थांबला तर जाग यायची. कारण सगळे हातोडे एकदम थांबायचे ते आळीत कुणी गेलं तरच. आई हातातलं काम टाकून दारात जायची आणि विचारायची, कोण? शांततेचा मला माहीत असलेला अर्थ एवढा एकच. तिथून बिबवेवाडीला आले तर इथे भाजीवाले, रिक्षा, शेजारचा कुकर, दुपारी पाखडायला बसलेल्या बायका. मला चाललं. नवव्या मजल्यावर मात्र मी चार दिवस मनातल्या मनात "कोण?" असं विचारत होते.

तर मी ठरवलं की या वेळी दोघांच्या वतीने मीच नाही म्हणायचं. यांच्या हातात काही नाही, मलाच सांभाळायचं आहे. मेंढीकोटात केलं तसंच.

रविवार चालूच होते. मुलगी आता नियमांच्या पुढचं शिकवत होती. बहुतेक डाव सोडायचेच असतात, हे तिने शिकवलं. माझ्या माहेरी पत्ते सोडणाऱ्याला घाबरट म्हणायचे आणि शेवटपर्यंत बसणाऱ्याला जिगरबाज. तो जिगरबाज उपाशी घरी जायचा ते कुणी बोलायचं नाही. ती सांगायची, ज्याची पाळी शेवटी, त्याला इतरांनी काय केलं ते कळलेलं असतं, म्हणून शेवटी बसणाऱ्याने थोड्या हलक्या पत्त्यांवरही खेळावं, पहिल्या बसणाऱ्याने जपून. थापेचीही एक शिस्त असते. थाप मारायची तर पहिल्या पत्त्यापासून तीच मारायची, मधेच सुचली म्हणून मारली तर पकडली जाते. "मुलं तिथेच फसतात काकू, चौथ्या पत्त्यापर्यंत गप्प बसतात आणि पाचव्याला वाघ होतात."

आणि ती म्हणायची, पत्त्यांकडे कमी, माणसांकडे जास्त बघा. मला हे आवडलं. मी तिला यांचा कान सांगितला. हे पाणी प्यायला आत गेले होते.

तिने विचार केला. "कान ओढला म्हणजे काही नाही, हे कशावरून?"

"आयुष्य गेलं माझं त्या कानाकडे बघण्यात."

"मेंढीकोटात ठीक आहे. तिथे हुकूम संपले की जीव खालीवर होतो. पण खूण पत्ते नाही सांगत, काकू. जीव खालीवर होतोय एवढंच सांगते. फार चांगले पत्ते आले तरी होतो. हातचे जातील म्हणून."

"तू काल आलीस," मी म्हटलं.

"हो न जी," ती म्हणाली आणि पत्ते वाटायला लागली. तिला वाईट वाटलं नाही. त्या भागातल्या माणसांचा हा गुण मला आवडतो. आमच्या पुण्यात एवढ्यावर अबोला धरतात.

मुलगा उत्तर घ्यायला येणार होता तो रविवार आला. तो चहाच्या वेळेला यायचा होता. आम्ही जेवण करून बसलो. आदल्या दिवशी दारातल्या चाफ्याला खूप फुलं आली होती, त्यांचा वास घरभर साचला होता. उजेड नेहमीपेक्षा निळा होता, की मला आता तसा आठवतो, सांगता येत नाही.

मला एक्का आणि राजा आला. मधे तीन पत्ते पडले, बदामचा राजा, बदामची सत्ती, चौकटची सत्ती. म्हणजे मला राजाची जोडी, सत्तीची जोडी, वर एक्का. मी लावले. मुलीने भरले. यांनी नुसते भरले. चौथा पत्ता किलवरची तिर्री. मी परत लावले, वाढवून. मुलीने पत्ते टाकले. यांनी भरले. पाचवा पत्ता इस्पिकचा गुलाम. मी थोडे लावले.

यांनी आपला सगळा ढीग दोन्ही हातांनी मधे सरकवला. चिंचोक्यांचा आवाज झाला, कोरड्या पानांवरून कुणी चालत गेल्यासारखा. आणि हात मागे घेतल्यावर कान ओढला.

मला हसू आलं. मी मुलीकडे बघितलं. तिने चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. मी माझा सगळा ढीग मधे सरकवला. यांच्यासमोर सरकवायला हात आता कचरत नव्हता. म्हटलं, "दाखवा."

यांनी पत्ते एकेक करून उलटले. इस्पिकची सत्ती. किलवरची सत्ती. मधल्या दोन धरून चार.

"काका," मुलगी हळूच म्हणाली, "तुम्ही तर पहिल्यापासून घेऊन बसले होते."

"पहिल्यापासून," हे म्हणाले.

पंखा फिरत होता. मी त्या चार सत्त्यांकडे बघत राहिले. मग कानाकडे. पाळी लाल झाली होती. भंगारवाला येऊन गेला असेल, मला ऐकू आला नाही. एक क्षण सगळे हातोडे थांबले.

मुलीला काहीतरी कळलं असावं. ती म्हणाली, "मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढून आणते," आणि गेली.

मी विचारलं, "अहो, मुलाकडे जायचंय तुम्हाला? खरं सांगा. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी नको."

"म्हटलं की मी. जाऊ या म्हटलं."

"ते मला खरं वाटलं नाही."

"का?"

मी कानाचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ओढणं सोडलं असतं. मी म्हटलं, "का जायचंय?"

ते चिंचोके आपल्याकडे ओढत राहिले. मग म्हणाले, "तो लहान होता तेव्हा मी कायम पाळीवर. मी यायचो तेव्हा झोपलेला, जायचो तेव्हा झोपलेला. त्याचे पाय पांघरुणाबाहेर यायला लागले तेव्हा कळलं, उंच झाला. मला त्याला जागं बघायचंय गं. सकाळी दाढी करताना, पेपर वाचताना. बस, एवढंच. तुझं काय?"

इतक्या वर्षांत यांनी मला "तुझं काय" असं विचारलेलं मला आठवत नाही. त्यांनी विचारायचं टाळलं होतं असं नाही. हात एकच होता, तर विचारायचं काय?

"मला नाही यायचं," मी म्हटलं. "मला तिथे मेल्यासारखं होतं."

"मग राहू दे. नको जायला."

"हे बघा, टाकले लगेच पत्ते. चार सत्त्या घेऊन बसलाय आणि टाकताय."

"अगं मग काय करू?"

"तुम्ही जा," मी म्हटलं. "मी इथे राहते. रविवारी या."

ते माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मी मोडीत बोलले. मग म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

"लोकांना तसंही काम नाही."

मुलगा आला. त्याला सांगितल्यावर त्याने चहाचा कप खाली ठेवला. "भांडलात तुम्ही?"

"नाही."

"बाबा, आई चिडली आहे का?"

"तिला विचार, इथे बसली आहे," हे म्हणाले. त्यांना त्या दिवशी वेगळाच जोर आला होता.

"आई, या वयात लोक वेगळे राहतात का?"

"तू दिवसभर हिंजवडीत, बायको दिवसभर खराडीत. तुमचं कोण विचारतं?"

"ते कामासाठी."

"हे पण कामासाठीच. त्यांचं काम तिकडे आहे, माझं इकडे."

तो बराच वेळ समजूत घालत राहिला, मग दमला. सुनेने नंतर फोनवर एकच विचारलं, बाबांना भाकरी कशी लागते, जाड की पातळ? मी म्हटलं, पातळ, आणि मागितल्याशिवाय वाढू नको. ती शहाणी आहे.

दसऱ्याला हे गेले. एक पेटी, दाढीचं सामान, चष्म्याची दोन घरं. गल्लीत पंधरा दिवस चर्चा झाली. दूध आणायला गेले की समोरच्या इमारतीतली बाई विचारायची, "काय, साहेब माहेरपणाला गेले वाटतं?" मी म्हणायची, "हो ना, पहिलटकर आहेत, येतील सावकाश." तिने परत विचारलं नाही.

मला पहिले काही दिवस चांगले गेले असं मी म्हणणार नाही. पोळ्या जास्त व्हायच्या. दुपारी पडदा हलला की मी बाजूला सरकून बसायची, चादरीवर त्यांच्या बाजूची जागा ठेवून. पण आवाज होता. कुकर, रिक्षा, पाखडणं. मी झोपायची.

शनिवारी संध्याकाळी मुलगा त्यांना सोडायचा. रविवारी दुपारी आम्ही तिघं बसायचो, आणि आता खेळ खरा व्हायला लागला. हे माझ्यावर वाढवायचे, मी यांच्यावर. त्यांच्याकडे तिकडच्या गोष्टी असायच्या. मुलगा दाढी करताना गुणगुणतो. पेपर मागच्या पानापासून वाचतो. खालच्या बागेत गवतावर चालू देत नाहीत, म्हणून म्हातारे कडेकडेने गोल फिरतात. मी ऐकायची आणि चिंचोके भरायची. अधूनमधून पत्ते वाटता वाटता ते सहज विचारायचे, "येतेस का तिकडे?" मी म्हणायची, "नाही. तुम्ही येता का इकडे?" ते म्हणायचे, "नाही." मग आम्ही पत्ते उचलायचो. कान ते ओढतच राहिले. मी त्यावरून काही ठरवायचं सोडून दिलं. कधी फसायची, कधी नाही.

पुढे मुलीला कंपनीने परदेशी पाठवलं. जाताना तिने मला एक नवी पत्त्यांची गड्डी दिली, मेणचट, पाण्याने न भिजणारी. मी ती वापरली नाही. फार निसटते. आम्ही दोघंच खेळायला लागलो, जुन्याच पत्त्यांनी. दोघांतही हा खेळ होतो, फक्त जरा लवकर कळतो.

एक दुपार मात्र मला वेगळी आठवते. थंडीचे दिवस होते, पडदा बाजूला केला होता आणि चादरीवर ऊन आलं होतं. मधे चार पत्ते पडले होते, पाचवा यायचा होता. पाळी यांची. यांनी दोन पत्ते छातीशी धरले होते आणि तसेच, भिंतीला टेकून, त्यांना झोप लागली. पत्ते थोडे कलले होते. मी जरा मान वाकवली असती तर दिसले असते. मी मान वाकवली नाही. ऊन चिंचोक्यांवरून सरकत त्यांच्या पावलांपर्यंत गेलं. कसब्यातले ठोके कुठूनतरी येत होते, एक थांबला की दुसरा. ते शेजारचं कुणी मसाला कुटत असेल. मी ढीग धरून बसून राहिले. मला कुठेही जायचं नव्हतं.

बाहेर मुलाच्या गाडीचा हॉर्न वाजला. परत घेऊन जायला आला होता. पुन्हा वाजला. मी उठले नाही.

यांनी डोळे उघडले. कुठे आहोत हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. आधी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पाळी कुणाची?"

"तुमची."

त्यांनी पत्ते डोळ्यांजवळ नेऊन बघितले. कान ओढला. मग पत्ते पालथे चादरीवर ठेवले.

"सोडले," म्हणाले. "तो थांबलाय."

भिंतीला हात धरून उठले, चपला घातल्या, दारात वळून बघितलं. मी म्हटलं, "मफलर घ्या." घेतला. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, आणि मग गाडी कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिली.

ते दोन पत्ते तिथेच होते, पालथे, उन्हात. त्यांच्याकडे थोडा वेळ बघितलं. मग न उलटता गड्डीत मिसळले, चिंचोके डब्यात भरले आणि चादर झटकली.